शब्द हरवू लागले, तर पाठीतलं पाणी काय सांगतं? पीपीए आणि सीएसएफ तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाचा-भाषा उपचार करते. मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं त्याला सीएसएफ म्हणतात, आणि तपासणीसाठी ते पाठीतून सुईनं काढण्याला लंबर पंक्चर. पाठीतून पाणी काढणं हे माझं काम नाही, ते डॉक्टर करतात. पण काढायचं की नाही हा प्रश्न बरीच घरं आधी माझ्यापुढे ठेवतात, कारण शब्द अडकू लागले म्हणून ती माझ्याकडे आलेली असतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. न्यूरोलॉजिस्टसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे यातून कळावं, एवढी माझी इच्छा आहे.

आईला सगळं आठवतं, पण ऐन वेळी शब्द सापडत नाही. हा डिमेन्शिया असू शकतो का?

असू शकतो. डिमेन्शिया म्हटलं की चष्मा कुठे ठेवला ते विसरणारे, घराचा रस्ता चुकणारे आजोबा डोळ्यांपुढे येतात. काही जणांत मात्र हा आजार स्मरणशक्तीच्या आधी भाषेला धरतो. माणूस बँकेची कामं करतो, नातवंडांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, एकटा एसटीनं गावी जाऊन येतो. फक्त बोलताना "ते… ते आपलं… काय म्हणतात त्याला" वाढत जातं. याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात, थोडक्यात पीपीए. मराठीत सांगायचं तर हळूहळू वाढत जाणारा वाचाघात.

प्रागमधल्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच अशा एका रुग्णाची नोंद केली होती. पण या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ मध्ये सहा रुग्णांचं वर्णन छापल्यावर. त्या सहाही जणांची भाषा वर्षानुवर्षं ढासळत होती आणि बाकीची बुद्धी मात्र टिकून होती. आपल्याकडे अनेकांनी अफेजिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो २०२२ मध्ये, अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबानं त्यांच्या आजाराची बातमी दिली तेव्हा. पुढच्या वर्षी त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजवणारा डिमेन्शिया, असल्याचं जाहीर झालं.

काळाचा हिशेब मात्र नीट करा. काही मिनिटांत बोलणं गेलं असेल तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. काही आठवड्यांत झपाट्यानं बिघडलं असेल तरी वाट पाहू नका, त्याची कारणं वेगळी असतात. हे पान वाचायचं ते महिने आणि वर्षं घेत सरकणाऱ्या त्रासासाठी.

पीपीएचे प्रकार असतात असं डॉक्टर म्हणाले. घरी बसून आम्हाला ते ओळखता येतात का?

निदान करता येणार नाही, पण ऐकता येईल. आणि तुम्ही जे ऐकलं ते आम्हाला फार उपयोगी पडतं. मारिया लुईसा गोर्नो-टेंपिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेले निकष जगभर वापरले जातात. त्यात तीन प्रकार आहेत.

पहिला लोगोपेनिक. व्याकरण शाबूत, शब्दांचा अर्थ शाबूत, पण बोलता बोलता गाडी मध्येच थांबते. "काल संध्याकाळी शेजारच्या काकूंनी आमच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या" हे वाक्य तसंच म्हणून दाखवायला सांगा. अर्थ पूर्ण कळलेला असतो, पण परत येतं ते "काकूंनी पोळ्या दिल्या" एवढंच. ऐकलेलं वाक्य मनात धरून ठेवणारी ओंजळच गळकी झालेली असते. कधी ध्वनींची अदलाबदल होते आणि कपाटाचं पकाट होतं.

दुसरा सिमँटिक. इथे बोलणं थांबत नाही, उलट धो धो चालू असतं. गेलेला असतो तो शब्दाचा अर्थ. चाळीस वर्षं विळीवर भाजी चिरलेल्या बाईंना मुलगी म्हणते, "आई, विळी दे गं," आणि त्या शांतपणे विचारतात, "विळी म्हणजे काय?" घरच्यांना आधी ती चेष्टा वाटते. मग कळतं की "अडकित्ता", "परात", "उखळ" असे शब्द एकेक करून रिकामे झालेत, आणि सगळ्याच वस्तूंना "ते भांडं" हा एकच शब्द उरलाय.

तिसरा नॉनफ्लुएंट. शब्द ओढून काढावे लागतात. जीभ कुठे ठेवायची तेच जणू विसरलेलं असतं, आणि एकच शब्द तीनदा म्हटला तर तीनदा वेगळा चुकतो. आपल्या भाषेत याची खूण पटकन कानावर येते, कारण मराठी प्रत्ययांवर उभी आहे. "मी बाजारातून भाजी आणली" याचं "मी बाजार… भाजी… आणला" होतं. लिंग, वचन, विभक्ती सगळं गळू लागतं.

सगळेच रुग्ण या तीन कप्प्यांत नीट बसत नाहीत. सुरुवातीच्या काळात तर बरेच जण दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर असतात.

बोलण्यावरून प्रकार कळतो, एमआरआयही झाला. मग पाठीतलं पाणी कशासाठी?

सगळ्या पानात हे उत्तर मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. प्रकार म्हणजे वरून दिसणारं रूप. त्याच्या खाली मेंदूत कुठलंतरी प्रथिन साचत असतं आणि ते भाषेचा भाग पोखरत असतं. लोगोपेनिकच्या खाली बहुतेक वेळा अल्झायमरचाच आजार असतो, म्हणजे अ‍ॅमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांची जोडी. फरक इतकाच की तो स्मरणशक्तीच्या जागेऐवजी डाव्या मेंदूतल्या भाषेच्या जागी आधी उतरलेला असतो. सिमँटिकच्या खाली बहुतेकदा टीडीपी-४३ नावाचं प्रथिन सापडतं. नॉनफ्लुएंटच्या खाली बहुतेकदा टाऊ असतो, पण अल्झायमरमधल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आणि अ‍ॅमिलॉइडच्या सोबतीशिवाय.

या तिन्ही वाक्यांत मी "बहुतेक" म्हटलंय, आणि पाणी तपासायचं कारण त्या शब्दातच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या केंद्रांतल्या १,२५१ पीपीए रुग्णांची माहिती एकत्र केली होती. लोगोपेनिक रुग्णांपैकी ८६ टक्क्यांत अ‍ॅमिलॉइड होता, नॉनफ्लुएंटमध्ये २० टक्क्यांत आणि सिमँटिकमध्ये १६ टक्क्यांत. म्हणजे नुसत्या बोलण्यावरून "हे अल्झायमर आहे" किंवा "नाही" असं ठरवलं, तर सहा-सात घरांमागे एका घराला चुकीचं नाव सांगितलं जाईल, काही गटांत पाचांत एकाला. पाण्याची तपासणी त्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर देते: खाली अल्झायमर आहे की नाही? पीपीएचा प्रकार ती सांगत नाही. प्रकार कानांनीच शोधावा लागतो.

रिपोर्टवर चार-पाच आकडे आहेत. त्यांचा अर्थ काय?

अ‍ॅमिलॉइड बीटा ४२ पासून सुरुवात करू. अल्झायमरमध्ये अ‍ॅमिलॉइड साचतो, मग पाण्यात तो वाढलेला दिसायला हवा असं वाटतं. दिसतो कमी. धरणात गाळ अडला की खालच्या पात्रात गाळ कमी येतो, तसंच हे. मेंदूतल्या गाठींमध्ये अ‍ॅमिलॉइड ४२ अडकून राहतो आणि पाण्यात कमी उतरतो. म्हणून या आकड्यात कमी म्हणजे वाईट.

त्याच्या शेजारी अ‍ॅमिलॉइड ४० किंवा ४२/४० हे गुणोत्तर असेल तर फार बरं. काही माणसांच्या मेंदूत मुळातच अ‍ॅमिलॉइड कमी किंवा जास्त तयार होतो. ४० हा प्रकार गाठींत तेवढा अडकत नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की जन्मजात फरक वजा होतो. नुसता ४२ कमी आणि गुणोत्तर मात्र सामान्य, असे रुग्ण असतात, आणि त्यांना अल्झायमरचा शिक्का मारणं चूक ठरतं. उदाहरण म्हणून, अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या ल्युमिपल्स चाचणीत ०.०५८ किंवा त्याहून कमी गुणोत्तर पॉझिटिव्ह धरतात, ०.०७३ किंवा जास्त निगेटिव्ह, आणि मधला पट्टा संशयाचा. हे आकडे त्याच चाचणीचे. तुमच्या रिपोर्टवर वेगळं यंत्र असेल तर मर्यादाही वेगळी असेल. दुसऱ्या शहरातल्या चुलतभावाच्या रिपोर्टशी आपले आकडे जुळवत बसू नका.

पुढे फॉस्फो-टाऊ, म्हणजे पी-टाऊ. अल्झायमरमध्ये तो वाढतो. इथे एक गफलत होते: नॉनफ्लुएंट पीपीएच्या खाली टाऊचाच आजार असतो, मग पाण्यात पी-टाऊ वाढायला हवा ना? सहसा वाढत नाही. पाण्यातला पी-टाऊ चढतो तो प्रामुख्यानं अल्झायमरच्या प्रक्रियेत. नावात टाऊ आहे म्हणून तो टाऊच्या प्रत्येक आजाराची चाचणी होत नाही.

टोटल टाऊ आणि न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल, हे दोन आकडे मेंदूच्या पेशींची आणि त्यांच्या तंतूंची किती मोडतोड चालू आहे ते दाखवतात. मोडतोड कुणी केली ते सांगत नाहीत. फ्रंटोटेम्पोरल गटात, म्हणजे टीडीपी-४३ किंवा वेगळ्या जातीच्या टाऊच्या आजारांत, एनएफएल बऱ्याचदा चांगलाच चढलेला असतो, आणि सोबत एएलएस हा स्नायूंच्या नसांचा आजार असेल तर आणखी. टोटल टाऊ प्रचंड चढलेला आणि आजार आठवड्यांत वाढणारा, असं असेल तर डॉक्टर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या दुर्मीळ आजाराचा विचार करतात.

अल्झायमरचं पाणी म्हणजे थोडक्यात अ‍ॅमिलॉइड ४२ किंवा गुणोत्तर खाली आणि पी-टाऊ वर. दोन्ही एका बाजूला असतील तर निष्कर्ष भक्कम. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर रिपोर्ट घेऊन घाईनं कुठलंही नाव स्वीकारू नका.

अ‍ॅमिलॉइड निगेटिव्ह आलं. म्हणजे आजार नाही ना?

हा प्रश्न ज्या आशेनं विचारला जातो ती मला दर वेळी दिसते, म्हणून उत्तर देताना जड जातं. निगेटिव्ह म्हणजे अल्झायमर नाही. शब्द हरवत आहेत हे तर खरंच आहे, आणि त्यामागे टीडीपी-४३ किंवा दुसऱ्या जातीचा टाऊ असण्याची शक्यता वाढते. या दोन प्रथिनांसाठी पाण्याची खात्रीची नेहमीची चाचणी आज नाही. निगेटिव्ह रिपोर्ट हे अर्धं उत्तर असतं. उरलेलं अर्धं बोलण्याच्या नमुन्यातून, एमआरआयवर कुठला भाग आकसलाय त्यावरून, आणि हातापायांची ताकद, डोळ्यांची हालचाल, तोल या तपासणीतून जोडायचं असतं.

आणि उलट? बाबांचा प्रकार सिमँटिक, पण अ‍ॅमिलॉइड पॉझिटिव्ह.

बाबांचं वय किती, हे मी आधी विचारेन. अ‍ॅमिलॉइड वयाबरोबर निरोगी माणसांतही साचतो. २०१५ च्या एका मोठ्या संकलनात स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्यांपैकी पन्नाशीत १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के लोकांमध्ये तो आढळला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या पाण्यात अ‍ॅमिलॉइड सापडला, म्हणून त्यानंच त्यांचे शब्द नेले असं म्हणता येत नाही. टीडीपी-४३ मुख्य आणि अ‍ॅमिलॉइड शेजारी बसलेला पाहुणा, असंही असतं. लोगोपेनिकमध्ये असा घोळ कमी होतो, कारण तिथे रूप आणि प्रथिन एकमेकांना साक्ष देतात. हाच पॉझिटिव्ह रिपोर्ट अठ्ठावन्न वर्षांच्या लोगोपेनिक रुग्णाचा असेल तर त्याचं वजन कितीतरी जास्त.

पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं आमच्याकडे म्हणतात.

सगळीकडेच म्हणतात. मला वाटतं ही भीती मेंदूज्वराच्या वॉर्डातून घरी आली आहे. आपल्याकडे पाणी काढणं लोकांनी पाहिलं ते टीबीच्या मेंदूज्वरात, बेशुद्ध मुलांत आणि अत्यवस्थ माणसांत. पुढे जे वाईट घडलं ते आजारानं घडलं, पण दोष सुईच्या माथी आला.

मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते ती त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीत. तिथे पाण्यात नसांचे मोकळे धागे तरंगत असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. तुमच्या घरात कुणाचं सिझेरियन पाठीत भूल देऊन झालं असेल, तर तिला सुई याच भागात टोचली होती. हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत वापरात आणली, तेव्हापासून ती जगभर चालू आहे.

पाण्याचा हिशेबही सांगते, कारण "अंगातलं पाणी कमी झालं तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. मेंदू आणि मणक्याभोवती साधारण १५० मिली पाणी असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार करतं. तपासणीला लागतं साधारण १० मिली, म्हणजे दोन चमचे. ते तासाभरात भरून निघतं.

त्रास होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. स्मृती-चिकित्सालयांत पाणी काढलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास लोकांची पाहणी २०१६ मध्ये छापून आली. त्यात १७ टक्क्यांना पाठदुखी झाली, १९ टक्क्यांना डोकेदुखी. उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, ही खास लंबर पंक्चरची डोकेदुखी ९ टक्क्यांना. ती बहुधा काही दिवसांत जाते. हटून बसलीच तर रुग्णाचंच थोडं रक्त त्या जागी सोडून छिद्र बंद करतात, पण त्याची गरज हजारात तिघांना लागली होती. सुईचं टोक कसं आहे यानं मोठा फरक पडतो. पेन्सिलीसारख्या बोथट टोकाच्या, एट्रॉमॅटिक म्हणतात त्या सुईनं ही डोकेदुखी निम्म्याहून कमी होते. ती सुई वापराल का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

दिवसभर उताणं झोपून राहिल्यानं डोकेदुखी टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. थोडी विश्रांती, भरपूर पाणी, चहा-कॉफी, आणि त्या दिवशी वजन उचलायचं नाही, एवढं पुरतं.

कोणाचं पाणी काढू नये?

मेंदूत गाठ (ट्यूमर) किंवा सूज असल्याचा संशय असेल, रक्त गोठण्याची क्षमता कमी असेल, प्लेटलेट्स फार खाली असतील, कमरेच्या त्या जागी त्वचेला जंतुसंसर्ग असेल, तर नाही. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, कारण हृदयाच्या रुग्णात ते पाणी काढण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं.

नमुना घेताना काय बिघडू शकतं?

नळी. वाचताना क्षुल्लक वाटेल, पण अ‍ॅमिलॉइड चिकट असतो. काचेच्या आणि नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या नळीला तो चिकटून बसतो आणि यंत्राला कमी मिळतो. कमी म्हणजे काय, ते वर पाहिलं: निरोगी पाणीही अल्झायमरचं दिसू शकतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते, नमुना एका नळीतून दुसरीत ओतण्याचे प्रकार टाळावे लागतात, आणि दूरच्या लॅबला पाठवायचा असेल तर तो गोठवून न्यावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला याच कारणानं दुसऱ्यांदा पाणी काढावं लागलं. सत्तरीच्या बाईंना एकाच महिन्यात दोनदा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडावं लागलं, आणि पहिल्या वेळी एक फोन केला असता तर ते टळलं असतं. तारीख ठरवण्याआधी लॅबला फोन करा: नळी तुम्ही पाठवणार की आम्ही आणायची, नमुना किती वेळात आणि कसा पोचायला हवा, आणि ४२/४० गुणोत्तर देता का.

पाणी काढलंच आहे तर पेशी, साखर आणि प्रथिनं ही साधी तपासणीही त्यातच करून घ्यावी. जंतुसंसर्ग, सिफिलिस किंवा शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं मेंदूवर केलेला हल्ला, ही बरी होऊ शकणारी कारणं तिथे सापडू शकतात. बी-१२ आणि थायरॉइड रक्तातून आधीच तपासलेले असावेत.

रक्तातूनच होत नाही का आता?

होऊ लागलं आहे. पी-टाऊ २१७ नावाचा टाऊचा एक प्रकार रक्तात मोजता येतो आणि अल्झायमर ओळखण्यात तो पाण्याच्या बराच जवळ पोचला आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण सुईच्या भीतीनं निदान अडलेली घरं मी पाहिली आहेत. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर रक्तातले हे आकडे आजार नसतानाही चढतात, आणि मधुमेहामुळे मूत्रपिंडं थकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. शिवाय निकाल मधल्या पट्ट्यात आला तर पाणी किंवा अ‍ॅमिलॉइड पेट स्कॅनकडे, म्हणजे मेंदूत साचलेला अ‍ॅमिलॉइड चित्रात दाखवणाऱ्या तपासणीकडे, वळावं लागतंच.

पेट स्कॅन की पाणी?

अ‍ॅमिलॉइड पेट आणि पाणी अ‍ॅमिलॉइडच्या प्रश्नाचं जवळजवळ सारखंच उत्तर देतात. पेट महाग, मोजक्या शहरांत. पण पाठीला सुई नाही. पाण्यात एकाच नमुन्यातून टाऊ, एनएफएल आणि संसर्गाची माहितीही मिळते. ग्लुकोज वापरणारा साधा एफडीजी पेट वेगळा. मेंदूचा कुठला भाग थंड पडलाय ते तो दाखवतो, प्रथिन दाखवत नाही.

आमची आई फक्त मराठी बोलते. परदेशी चाचण्या तिला लागू पडतील का?

पाण्याला भाषा नसते. कोल्हापूरच्या आजीचा अ‍ॅमिलॉइड मोजायला तिला इंग्रजी यावं लागत नाही, शाळेत गेलेली असावी लागत नाही. आपल्यासाठी या तपासणीचं खरं मोल मला इथेच दिसतं. फक्त हेही लक्षात ठेवा की पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या मर्यादा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून ठरलेल्या आहेत.

भाषेच्या चाचणीचं तसं नाही. ती मराठीतच व्हायला हवी, आणि भाषांतर करून भागत नाही. एक उदाहरण देते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसलेले शब्द वाचायला देतात. सिमँटिक प्रकारात माणूस ते अक्षरांप्रमाणे वाचतो आणि पकडला जातो, आणि २०११ च्या निकषांत ही एक खूण आहे. देवनागरीत बहुतेक लिहिलं तसंच वाचायचं असतं, त्यामुळे ही खूण मराठीत लपून राहते. तरी एक फट आहे. आपल्या च, ज, झ या अक्षरांचे उच्चार दोन असतात आणि लिहिताना फरक दिसत नाही. "जग" म्हणजे विश्व आणि "जग" म्हणजे जिवंत राहा, किंवा "चार" आणि "चारा": अर्थ ठाऊक असेल तरच उच्चार बरोबर येतो. अशा शब्दांची एक यादी मी जवळ ठेवते. प्रमाणित चाचणी म्हणून नव्हे, कान टवकारायला.

आणखी एक. एमएमएसईसारख्या, स्मरणशक्ती आणि बुद्धी चटकन तपासणाऱ्या तीस गुणांच्या चाचणीत सूचना, उत्तरं, सगळंच बोलण्यावर चालतं. पीपीएच्या रुग्णाला त्यात कमी गुण मिळाले की "स्मरणशक्ती गेली" असा शेरा पडतो. तीन शब्द आठवले नाहीत की तोंडातून निघाले नाहीत, हे कुणीतरी थांबून पाहायला हवं.

घरात मराठी, बाजारात हिंदी, नोकरीत इंग्रजी अशा माणसाला तिन्ही भाषांत ऐकावं. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, आणि हा फरक शाळा न पाहिलेल्यांतही होता.

निदान कळून उपयोग काय? औषध तर नाहीच.

आजार मागे फिरवणारं औषध नाही, हे खरं. पण खाली काय आहे त्यावरून बरंच काही बदलतं. अल्झायमर असेल तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन अशी औषधं डॉक्टर सुरू करू शकतात. फ्रंटोटेम्पोरल गटात त्यांचा उपयोग दिसत नाही आणि काहींची चिडचिड, अस्वस्थता वाढते. ती गोळी टाळता येणं हासुद्धा रिपोर्टचा फायदाच. अ‍ॅमिलॉइड काढून टाकणाऱ्या औषधांपैकी लेकॅनेमॅबला जुलै २०२३ मध्ये आणि डोनॅनेमॅबला जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात आणि अ‍ॅमिलॉइड सिद्ध झाल्यावरच विचारात घेतात, मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव हे त्यांचे धोके आहेत, आणि त्यांच्या चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीची तक्रार असलेल्यांवर झाल्या. लोगोपेनिक रुग्णाला फायदा किती, यावर डॉक्टरांशी सविस्तर बोला.

पुढे काय येणार, तेही बदलतं. लोगोपेनिक अल्झायमरमध्ये पुढे स्मरणशक्ती आणि हिशेब डळमळतात. सिमँटिकमध्ये वागणं आणि खाण्याच्या सवयी बदलू लागतात. नॉनफ्लुएंटमध्ये गिळणं, तोल, हाताची हालचाल यावर लक्ष ठेवावं लागतं.

तरीही प्रत्येकाचं पाणी काढावं, असं मला वाटत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या, आधीच थकलेल्या माणसाच्या बाबतीत उत्तरानं काहीच बदलणार नसेल तर सुई कशाला? साठीच्या आतल्या, नोकरी चालू असलेल्या, प्रकार स्पष्ट नसलेल्या माणसात मात्र मी आग्रह धरते.

हे मुलांना होईल का?

बहुतेक पीपीए आनुवंशिक नसतो. आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला कमी वयात डिमेन्शिया, स्वभावातला विचित्र बदल किंवा एएलएस झाला असेल तर आनुवंशिक सल्ला घ्या. प्रोग्रॅन्युलिन या जनुकातल्या दोषामुळे काही घरांत पीपीए दिसतो, आणि त्या प्रथिनाची रक्तातली घसरलेली पातळी त्याचा सुगावा देते.

ज्याला बोलता येत नाही त्याची संमती कशी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मीच मांडते. संमतिपत्रावर मुलाची सही घेतली की काम झालं असं धरून चालतात. पीपीए असलेल्या माणसाला सुरुवातीच्या वर्षांत सगळं कळत असतं. अडतं ते बोलणं किंवा लांबलचक वाक्य. छोटी वाक्यं वापरा. पाठीचं चित्र काढा, सुईची जागा दाखवा. "हो", "नाही", "अजून सांगा" अशी तीन कार्डं समोर ठेवा. सिमँटिक प्रकारात "सुई" हा शब्दच पोचत नसेल तर खरी वस्तू किंवा फोटो दाखवा. दहा मिनिटं जास्त लागतात. त्यांच्या पाठीला सुई टोचायची आहे, तर त्यांना विचारायलाच हवं.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तोवर काय करू?

आजच फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करायला घ्या. गावाकडच्या घराबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल, आमटी कशी करायची त्याबद्दल, पाच-पाच मिनिटं. सहा महिन्यांनी काय बदललं ते आम्हाला त्यातून ऐकू येतं, आणि घराला तो आवाज राहतो. घरातल्या माणसांचे, रोजच्या वस्तूंचे, औषधांच्या डब्याचे फोटो काढून खाली नाव लिहिलेली एक वही करा. अडलं की त्यांनी बोट ठेवायचं. ही वही निदान काहीही आलं तरी लागणार आहे आणि आत्ता, शब्द शिल्लक असताना, त्यांच्याचबरोबर बसून केली तर नावं त्यांच्या तोंडची येतात: फडताळ म्हणायचं की कपाट, ताटली की थाळी, धाकट्या नातवाला घरात कुठल्या नावानं हाक मारतात ते.